नेस्ता आराव आणि सात मीटरचा रस्ता

पॉन्तलासमध्ये पॅरी आडनावाची चौदा घरं आहेत आणि जोन्स किती, ते टपाल वाटणाऱ्या बाईलाही नक्की सांगता येत नाही. त्यामुळे तिथं आडनावानं कुणी कुणाला ओळखत नाही. माणूस जे काम करतो किंवा जे काम बिघडवतो, ते त्याच्या नावाला चिकटतं आणि थेट थडग्यापर्यंत सोबत करतं. खर्जात गाणारा ग्विलिम हा ‘ग्विलिम तळघर’. व्हॅनमधून पाव घेऊन खोऱ्यातल्या नऊ गावांना फिरणारा इद्वल हा ‘इद्वल बारा’. बारा म्हणजे वेल्श भाषेत पाव. घड्याळाशी त्याचा काही संबंध नाही, जरी इद्वलच्या वेळापत्रकाचे रोज बारा वाजलेले असले तरी.

आणि एक्याऐंशी वर्षांची नेस्ता पॅरी ही ‘नेस्ता आराव’.

आराव म्हणजे सावकाश. वळणावर, पुलाच्या तोंडाशी, शाळेजवळ, जिथं तिथं हा शब्द रस्त्यावर पांढऱ्या रंगात माणसाएवढ्या अक्षरांत लिहिलेला असतो; परका माणूस ती अक्षरं ‘अराफ’ अशी वाचतो. मागच्या उन्हाळ्यात लिव्हरपूलहून आलेला एक पाहुणा पेट्रोल पंपावर विचारत होता, “हे अराफ गाव आहे तरी केवढं हो? तासभर झाला, संपतच नाही.” नेस्ताच्या दारासमोरही असा एक आराव आहे. रंग पुसट झाला की कौन्सिलची माणसं येऊन तो गिरवतात आणि जाताना तिच्याकडे चहा पिऊन जातात.

पण तिचं नाव रस्त्यावरून पडलेलं नाही. ते पडलं ऑर्गनवरून.

चौपन्न वर्षांपूर्वी हेब्रॉन चॅपेलचा जुना वादक वारला आणि त्याच्या बाकावर नेस्ता बसली. पहिल्याच रविवारी तिनं गीत इतक्या संथ लयीत धरलं, की दुसऱ्या ओळीनंतर सगळं चॅपेल श्वास घ्यायला थांबलं. त्या शांततेत मुलांच्या बाकावरून बारा वर्षांच्या इद्वलचा आवाज आला, “आराव!” पाद्रीबुवांनी खोकल्याचं सोंग केलं. तोंडाला रुमाल लावून बायका हसल्या. रविवारच्या शाळेत इद्वलला नेस्ताच शिकवत असे, त्यामुळे पुढच्या आठवड्यात त्याला दोन लांबलचक उतारे पाठ करावे लागले. पण नाव पडलं ते पडलंच.

तिनं लय काही बदलली नाही. कुणी बोललं तर म्हणायची, “शब्द आहेत त्यात. ते काय पावाच्या पाट्या आहेत, दारात टाकल्या आणि निघालं?”

इद्वल आता सहासष्ट वर्षांचा आहे आणि गेली तीस वर्षं तोच गावातल्या पुरुषांच्या गायनपथकाचा संचालक आहे. त्याला सगळं झटपट लागतं. तो पुढं उभा राहून हात हलवतो. ऑर्गनवर बसलेल्या नेस्ताला तो दिसावा म्हणून तिच्या डोक्याच्या वर एक छोटा आरसा बसवलेला आहे. नेस्ता त्या आरशात बघते, इद्वलचे हात नीट पाहते आणि मग आपल्याला हवं तसं वाजवते. तीस वर्षं हा झगडा चालू आहे आणि दोघांचंही त्यावाचून चालत नाही.

खरी अडचण वेगळीच होती. नेस्ताचं घर रस्त्याच्या या बाजूला आणि चॅपेल त्या बाजूला. मधे सात मीटर डांबर. तरुणपणी ती एका दमात पलीकडे जायची, हातात गाण्यांचं पुस्तक, काखेत छत्री. मग गुडघे बोलू लागले, मग काठी आली. पुलाजवळच्या वळणावरून ताशी तीस मैलांच्या वेगानं गाडी यायची आणि नेस्ता फाटकातून एक पाऊल टाकून परत मागं यायची. कधी कधी चार-चार वेळा.

तिची एकुलती एक मुलगी लोवरी कार्डिफला दवाखान्यात नोकरीला आहे. ती रविवारी सकाळी नऊला फोन करते आणि दुपारी बाराला पुन्हा करते. पहिला “जपून जा गं” सांगायला, दुसरा आई जिवंत आहे ना ते बघायला. मधल्या तीन तासांत तिला कुणी काही विचारू नये. अशाच एका रविवारी तिनं परस्पर इद्वलला फोन करून ठरवलं, की आईला त्यानं व्हॅनमधून चॅपेलला सोडायचं.

“रस्ता ओलांडायला गाडी?” नेस्ता म्हणाली.

“बसा हो बाई,” इद्वल म्हणाला. “लोवरीला शब्द दिलाय मी.”

नेस्ता बसली, कालच्या पावाच्या वासात. व्हॅन अर्धा मैल खाली पेट्रोल पंपापर्यंत गेली, तिथं वळली, परतताना मेंढ्यांच्या एका ट्रेलरमागं रेंगाळली आणि चॅपेलच्या फाटकाशी येऊन थांबली. तोवर पाद्रीबुवा पायरीवर येऊन घड्याळ बघत होते. साडेसात मिनिटं लागली.

“इद्वल बाख,” नेस्ता म्हणाली. बाख म्हणजे बाळा; पण नेस्ता हा शब्द वापरते तेव्हा समोरच्यानं जपून राहावं. “इद्वल बाख, सात मीटरसाठी आपण एक मैल फिरलो. घरी जाताना जेवणाचा डबा घेऊ का बरोबर?”

त्यानंतर सप्टेंबरात देशभर वस्तीतल्या रस्त्यांवरची मर्यादा तीसवरून वीस झाली आणि पॉन्तलासमध्ये सुतक आल्यासारखं वातावरण झालं. पंपावर, खाटकाच्या दुकानात, पबमध्ये दुसरा विषय नाही. कुणी म्हणे, आता बैलगाडीच काढायची राहिली. कुणी म्हणे, वीसनं चालवताना आपलीच बायको सायकलवरून मागं टाकते. पुलाजवळच्या नव्या पाटीवरच्या शून्याला कुणीतरी डोळे आणि मिशा काढल्या आणि त्या इद्वलच्या मिशांसारख्या दिसत होत्या, हा निव्वळ योगायोग.

नेस्तानं मात्र रविवारी फाटक उघडलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि काठी टेकत टेकत पलीकडे गेली. एकटी. पुढच्या रविवारीही. बुधवारी सरावालाही.

असं दीड वर्ष गेलं. मग या वसंतात कौन्सिलचं पत्रक आलं: कोणते रस्ते पुन्हा तीस करावेत ते लोकांनी सांगावं. पंपाच्या काउंटरवर लगेच अर्ज ठेवला गेला. पॉन्तलासचा मुख्य रस्ता, पुलापासून पार पंपाच्या पुढच्या मोकळ्या शेतांपर्यंत, सगळा तीस करा. पहिली सही इद्वल बाराची. खाली त्याच्या सगळ्या गायनपथकाची, कारण त्या मंडळींना एकानं सुरुवात केली की बाकीच्यांना गप्प राहताच येत नाही.

रविवारी नऊला लोवरीचा फोन आला.

“आई, तीस झालं तर तू इकडं यायचंस. मी खोली रंगवून घेतलीय.”

“कुठला रंग?”

“विषय बदलू नकोस. पिवळा.”

“तिथं ऑर्गन आहे का?”

“तुला छानसा कीबोर्ड आणते. कानाला हेडफोन लावायचे, शेजाऱ्यांना त्रास नाही.”

“म्हणजे वाजवायचं पण मीच आणि ऐकायचं पण मीच?”

“आई, मला झोप लागत नाही गं,” लोवरी म्हणाली. नेस्ताला ही एकच मुलगी होती आणि त्या मुलीनं पहिली सायकल घेतली त्या वर्षी नेस्ताही झोपली नव्हती. “बघू,” ती म्हणाली. “रस्त्याचं काय ठरतं ते बघू; तीस झालं तर मी येते. दिलं वचन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पियानोशी जाऊन बसली. पियानो रस्त्याकडच्या खिडकीत आहे. मेमध्ये गानमेळा होता, सगळ्या खोऱ्यातली चॅपेलं एकत्र येऊन गाणार होती, त्याचं गीत बसवायचं होतं. शेवटची ओळ तिनं मुद्दाम इद्वलच्या धावत्या लयीत वाजवून पाहिली, त्याची खोड काढायला उपयोगी पडेल म्हणून. तेवढ्यात वळणावर एक गाडी दिसली, भरधाव, पाटीला न जुमानणारी. ओळ संपली आणि गाडी फाटकासमोरून गेली.

नेस्ताचे हात थांबले. मग तिनं पुढच्या गाडीची वाट पाहिली. ही पोस्टाची होती, वीसनं येणारी. तीच ओळ, पण नेस्ताच्या लयीत. ओळ संपली, गाडी फाटकाशी.

दुपारपर्यंत ती तेच करत बसली होती. चहा तीनदा गार झाला. मग तिनं दिवाणखान्यात सात मीटर मोजले. ते स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत गेले. आणि ती ओळ गुणगुणत काठी टेकत चालत निघाली. इद्वलच्या लयीत म्हटलं तर ओळ दारातच संपायची. स्वतःच्या लयीत म्हटलं तर शेवटच्या अक्षराला हात ओट्यावर. चौपन्न वर्षं लोक हसत होते, पण तिची लय म्हणजे तिच्या पायांची लय होती. हे तिला स्वतःलाही आजच कळलं.

सभा चॅपेलच्या मागच्या खोलीत भरली. चहाचा मोठा बंब उकळत होता, टेबलावर मनुकांच्या पावाचे काप लोणी लावून ठेवले होते. पाव अर्थात इद्वलचा; विरोधी पक्षालाही तोच खायला लागत होता. कौन्सिलकडून टेगन नावाची तरुण अधिकारी आली होती, हातात फाइल आणि मोजपट्टी. सगळी सभा होऊन गेल्यावर आपण रस्त्याबद्दल शिफारस लिहू, असं तिनं आधीच सांगितलं.

इद्वल उठला. तो काही वाईट बोलला नाही. पंपाच्या पुढं एकही घर नाही, तिथं वीसनं जायचं म्हणजे मेंढ्या हसतात, असं तो म्हणाला. वीसच्या मागं रांग लागते आणि मग वैतागलेला कुणीतरी भलत्या ठिकाणी पुढं घुसतो, असं म्हणाला. तेही खोटं नव्हतं. मग म्हणाला, “आणि माझी रोज दहा मिनिटं जातात!”

“पुलापासून पंपापर्यंत अर्धा मैल आहे,” टेगन फाइल बघत म्हणाली. “अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो.”

“जाताना अर्धं, येताना अर्धं!”

“म्हणजे एक.”

“मला दहासारखं वाटतं,” इद्वल म्हणाला आणि सगळे हसले, पण माना त्याच्याच बाजूनं डोलत होत्या.

मग नेस्ता उठली. तिला उठायलाच वेळ लागला.

“मला फक्त इकडून तिकडं जायचंय,” ती म्हणाली. “ते जमलं तर मी ऑर्गनवर बसेन. नाही जमलं तर मी कार्डिफला पिवळ्या खोलीत बसेन. दुसरं माझं काही म्हणणं नाही.”

“अहो बाई, कोण तुम्हाला अडवतंय!” इद्वल म्हणाला. “रस्ता आहे केवढासा. दोन्हीकडे बघायचं, कुणी नसलं की निघायचं. तीसनं येणाऱ्या गाडीच्या आधी आरामात पोचाल तुम्ही.”

“पोचेन?”

“पैज लावतो.”

“ऐकलंत ना सगळ्यांनी? टेगन बाळ, तीसनं येणारी गाडी वळणावर दिसल्यापासून फाटकाशी किती वेळात येते?”

“सात सेकंदांच्या जरा आत.”

“आणि गानमेळ्याच्या गीताची शेवटची ओळ तू किती सेकंदांत संपवतोस, इद्वल बाख?”

कुणालाच माहीत नव्हतं. टेगननं फोन काढला, इद्वलनं हात उचलला, पथकानं बसल्या जागी ओळ म्हटली. बरोबर सात. खोलीत कुजबुज झाली. इद्वलच्या मिशा थोड्या फुलल्या. आपण इतके काटेकोर आहोत हे त्याला आवडलं.

मग टेगननं मोजपट्टी धरली आणि सात मीटरवर खुर्च्यांच्या दोन रांगा लावल्या. ही रांग घराची, ती रांग चॅपेलची. पथक भिंतीला लागून उभं राहिलं. ठरलं असं: इद्वलनं आपल्या लयीत शेवटची ओळ म्हणवून घ्यायची. ओळ संपली की गाडी आली.

“आणि घाईघाईत पडाल बिडाल, तर लोवरी मला जिवंत ठेवायची नाही,” इद्वल हळूच म्हणाला.

“तू आपले हात सांभाळ,” नेस्ता म्हणाली.

हात खाली आला. वीस पुरुषांचा आवाज एकदम उठला, इतका की बंबाचं झाकण थरथरलं. नेस्ता निघाली. टक, टक. ती मुद्दाम हळू चालत नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. ओठ घट्ट मिटले होते, काठीवरच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. टक, टक. इद्वलनं मूठ बंद केली. ओळ संपली.

नेस्ता दोन्ही रांगांच्या मधोमध उभी होती.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. पॉन्तलासमध्ये गीताची शेवटची ओळ एकदाच म्हणणं म्हणजे दारात आलेल्याला चहा न विचारता परत पाठवणं. ओळ चांगली लागली की ती पुन्हा म्हणायची आणि पुन्हा म्हणताना जरा थांबून थांबून, चव घेत म्हणायची. हे कुणी शिकवत नाही. आईच्या मांडीवर बसल्यापासून ते अंगात भिनतं.

इद्वलची मूठ बंद होती. आणि मागच्या कोपऱ्यातून, जमिनीखालून यावा तसा, ग्विलिम तळघरचा आवाज उठला. तीच ओळ, पहिल्यापासून. लगेच त्याच्या शेजारचा, मग वरचे सूर, मग सगळे. इद्वल हातानं नाही नाही म्हणत होता, पण तिकडं बघतंय कोण? सगळे नेस्ताकडे बघत होते. आणि ओळ त्याच्या लयीत नव्हती. ती संथ होती, नेस्ताच्या काठीबरोबर चाललेली. टक, आणि एक शब्द. टक, आणि एक शब्द. शेवटच्या सुराला नेस्तानं पलीकडच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

टाळ्या पडल्या. एक-दोघांचे डोळेही भरले, पण तिथल्या लोकांचे ते गाण्यानं नेहमीच भरतात.

“पोचल्या!” इद्वल ओरडला. “बघा, पोचल्या की नाही? मी काय म्हणत होतो!”

नेस्ता खुर्चीवर बसली. दम खाल्ला. कुणीतरी दिलेला चहा घेतला, एक घोट प्यायली.

“पोचले, कारण यांनी ओळ दोनदा म्हटली,” ती म्हणाली. “तुझी व्हॅन अर्ध्यातून मागं फिरून वळणावरून दुसऱ्यांदा येते का रे?”

आधी ग्विलिम हसला. तळघरातून आलेलं ते हसू सगळ्या खोलीत पसरलं आणि इद्वलशिवाय सगळे पोट धरून हसू लागले. टेगनला लिहिता लिहिता पेन खाली ठेवावं लागलं.

हसणं ओसरल्यावर टेगननंच ग्विलिमला विचारलं, “पण तुम्ही पुन्हा सुरू का केलंत? एकदाच म्हणायचं ठरलं होतं ना?”

ग्विलिम टोपी हातात फिरवत राहिला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती.

“बाई मधेच उभ्या होत्या ना,” तो म्हणाला. “तसं सोडून थांबायचं कसं?”

त्यावर कुणी हसलं नाही. ग्विलिमचीही सही त्या अर्जावर होती आणि भिंतीला लागून उभ्या असलेल्या सगळ्यांचीच होती. इद्वल आपल्या मुठीकडे बघत होता. ती अजून बंदच होती. शेवटी त्यानं ती उघडली, पँटला पुसली आणि टेगनकडे वळून म्हणाला, “पंपाच्या पुढचं तेवढं तीस करा. शेतांमधलं. गावातलं... गावातलं राहू दे.”

“पंपाच्या पुढं माझं काय काम?” नेस्ता म्हणाली. “तिथं तू विमान उडव.”

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पुलापासून पंपापर्यंत वीस कायम, पंपाच्या पुढं तीस. पत्र नेस्तानं फोनवर लोवरीला दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा लोवरीला ते नीट ऐकूच आलं नाही, ती नाक शिंकरत होती. आता तिनं नऊचा फोन बंद केला आहे. बाराचा चालू आहे; एवढं तर चालायचंच. पिवळ्या खोलीत तिनं इस्त्रीचं टेबल ठेवलं आहे.

गानमेळ्याच्या रविवारी नेस्ता फाटकातून बाहेर पडली. अंगावर निळा कोट, काखेत पुस्तक. ती रस्त्याच्या मध्यापर्यंत पोचली असेल, तेवढ्यात वळणावरून इद्वलची व्हॅन आली. वीसनं आली, पांढऱ्या आरावच्या अलीकडे थांबली. मागं आणखी दोन गाड्या थांबल्या. इद्वलनं काच खाली केली. त्याची बोटं स्टिअरिंगवर भरभर ताल धरत होती.

“बाई, दहाला पाच कमी आहेत हो!”

“मग म्हण की.”

“काय म्हणू?”

“शेवटची ओळ. मला तेवढंच अंतर राहिलंय.”

इद्वलनं आरशात मागच्या गाड्यांकडे पाहिलं, मिशांवरून हात फिरवला आणि गाऊ लागला. आवाज चांगला आहे त्याचा, ते कुणी नाकारत नाही. मागच्या गाडीतल्यानंही काच खाली केली आणि खालचा सूर धरला. नेस्ता तीन पावलं चालली. मग थांबली, काठी टेकून व्हॅनकडे वळली.

“घाई करतोयस, इद्वल,” ती म्हणाली. “पहिल्यापासून.”